खाली खड्डा आहे

"उठा राजे, उठा. खड्ड्यावर झोपलात तुम्ही."

प्लंबरने एक डोळा उघडला, समोर खड्डेमिस्त्री उभे आहेत एवढं पाहून घेतलं आणि तो डोळा पुन्हा मिटला.

"कुठाय खड्डा?"

"तुमच्या पाठीखाली लिहिलंय की. वाचता येतं ना?"

"लिहिलंय ते खरंय," प्लंबर झोपेतच म्हणाला. "पण खड्डा तिकडे मोरीत राहिला. मी नुसती फळी आणली इकडे. इकडे वारा आहे."

आता या माणसाला काय म्हणावं? नवव्या मजल्यावरची ती खिडकी अजून नुसतीच चौकट होती आणि तिच्यातून दुपारचं वारं खरोखरच छान येत होतं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद अशी प्लायची फळी, तिच्यावर लाल रंगात ठसठशीत लिहिलेलं 'खाली खड्डा आहे', आणि त्या अक्षरांवर डोक्याखाली हेल्मेट घेऊन निवांत पसरलेला प्लंबर. त्याच्या खाली चांगला भक्कम स्लॅब. आणि पंधरा पावलांवर, जिथे खरोखरीचा खड्डा होता, तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे फक्त खड्डा होता.

मिस्त्रींनी खाली वाकून हेल्मेट ओढून घेतलं. डोकं फळीवर टेकल्याचा 'टक' असा आवाज झाला आणि प्लंबर उठून बसला.

"अहो मिस्त्री! डोकं फुटलं असतं माझं."

"म्हणूनच ते डोक्यावर घालतात, डोक्याखाली नाही. धरा ती बाजू. फळी जागेवर नेऊ."

दोघांनी फळी उचलून मोरीत नेली आणि भोकावर टाकली. या आठवड्यातली ही सातवी फळी. मिस्त्रींचे गुडघे कुरकुरत होते आणि त्यांच्या नाकी नऊ आले होते.

इमारत बारा मजल्यांची. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमध्ये पाइपांसाठी चार लांबट भोकं सोडलेली. पाइप अजून यायचे होते, भोकं मात्र आधीच येऊन बसली होती. बारा चोक अठ्ठेचाळीस भोकांवर अठ्ठेचाळीस फळ्या मिस्त्रींनी स्वतः कापल्या होत्या आणि लाल अक्षरंही स्वतःच्या हाताने काढली होती. खिळे ठोकायची सोय नव्हती, कारण प्लंबरांना माप घ्यायला रोज कुठलं तरी भोक उघडावं लागे. म्हणून फळ्या नुसत्या टाकलेल्या. आणि सहा बाय तीन हे माप कोणाचं असतं, हे वेगळं सांगायला नको. आडव्या माणसाचं.

मिस्त्री मूळचे शटरिंगचे सुतार. तीस वर्षं त्यांनी स्लॅबखाली लाकडाचे साचे बांधले, मग एके दिवशी उजव्या गुडघ्याने संप पुकारला. ते घरी बसण्याच्या बेतात होते, तेव्हा साइटच्या इंजिनिअर मॅडम, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, त्यांना म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही जाऊ नका. मला दिवसभर फक्त भोकं बघत फिरणारा माणूस हवाय." ही स्तुती आहे की काय हे कळायला मिस्त्रींना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नारिंगी जाकीट अंगात चढवलं आणि आठवड्याभरात अख्खी साइट त्यांना खड्डेमिस्त्री म्हणू लागली.

काम त्यांनी मन लावून केलं. स्लॅबच्या कडांना कठडे लावले. रस्त्याच्या बाजूला जाळ्या बांधल्या, खाली फुटपाथवर लाकडी छत टाकलं. आता शाळेतली पोरं, दुकानात निघालेल्या बायका, कुत्रं फिरवणारे म्हातारे, सगळे त्याखालून खुशाल जात. वरून खडादेखील त्यांच्या अंगावर पडत नसे. कठडे जागेवर राहिले, जाळ्याही जागेवर राहिल्या, कारण जाळीत झोपण्याची सोय नव्हती. घोडं अडलं ते फळ्यांपाशी. दुपारी डबा खाल्ला की माणसाला तास-अर्धा तास पाठ टेकावीशी वाटते, खाली जमीन म्हणावी तर सिमेंटची भुकटी, वाळू आणि तुटके खिळे, आणि समोर एवढी साफ, गुळगुळीत, मापाची फळी.

दुसरा एखादा माणूस चार शिव्या घालून गप्प बसला असता. मिस्त्रींना ते जमत नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते कारण त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वी मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच साइटवर होते. धाकटा बावीस वर्षांचा, अंगाने काटक, दिवसभर शीळ घालत काम करणारा. एका दुपारी तिसऱ्या मजल्यावर मिस्त्रींनी जिन्याजवळच्या भोकावरची फळी उचलली, खिडकीपाशी नेली, तिच्यावर बसून जेवण केलं आणि जरा पाठ टेकली. दोनच मिनिटं, असं मनाशी म्हणून. धाकटा प्लायचा मोठा तक्ता दोन्ही हातांनी छातीशी धरून जिन्याने वर आला. पुढचं काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आवाजाने मिस्त्री जागे झाले, तेव्हा पोरगं खालच्या मजल्यावर पडलेलं होतं. जीव वाचला. कंबरेचं हाड मोडलं आणि डावा पाय कायमचा फरफटू लागला.

गडबडीत फळी कुठे होती हे कोणी विचारलंच नाही. आणि दवाखान्यात, सगळ्या घरादारासमोर, मिस्त्रींच्याच तोंडून निघून गेलं, "खाली बघून चालता येत नाही का रे तुला?"

ते वाक्य धाकट्याने खरं मानलं. बांधकाम सोडून त्याने शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न केलं, संसार मांडला, आणि चार माणसं जमली की तो स्वतःच ती गोष्ट हसत हसत सांगू लागला. "आमचे डोळे नुसते शोभेचे. एवढा मोठा खड्डा, पण आम्हाला दिसला नाही. आमच्यासारखा वेंधळा शोधून सापडायचा नाही." सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचे, सगळ्यांच्या मागून. सव्वीस वर्षं ते असे मूग गिळून बसले होते आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत चाललं होतं. सांगितलं तर भाऊ जाईल, ही भीती. आणि एवढा जीव लावणारा भाऊ त्यांना दुसरा नव्हता.

तर असा माणूस फळी जागेवर दिसली नाही की सगळं सोडून ती शोधायला निघायचा, यात नवल नाही.

मिस्त्रींनी डोकं चालवलं. दोन दिवस खपून त्यांनी प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला दोन लांब पट्ट्या ठोकल्या, अशा की त्या भोकाच्या कडांना आतून बरोबर अडकाव्यात. आता फळी पायाने सरकणार नव्हती. आणि कोणी उचलून दुसरीकडे टाकलीच तर ती जमिनीवर सपाट बसणार नाही, झोपणाऱ्याला टोचेल, डुगडुगेल, असा त्यांचा हिशेब. मॅडमना त्यांनी मोठ्या अभिमानाने नमुना दाखवला. मॅडम म्हणाल्या, "वा मिस्त्री!" मिस्त्री दिवसभर मिशीत हसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा फळ्या गायब.

पट्ट्यांमुळे फळी जमिनीपासून चार बोटं वर राहत होती. म्हणजे भुकटी लागत नव्हती, खालून वारा खेळत होता, मुंग्या चढत नव्हत्या. मिस्त्रींनी घाम गाळून अठ्ठेचाळीस खाटा तयार केल्या होत्या.

"मिस्त्री, तुमच्या हातात जादू आहे," प्लंबर पाचव्या मजल्यावर आडवा पडल्यापडल्या म्हणाला. "घरचा पलंग याच्यापुढे काहीच नाही. फक्त उशीचं काहीतरी बघा."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोपुढे गाऱ्हाणं मांडलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे साइटवर सगळ्यांच्या काकू, तिथेच फरशांचे सांधे भरण्याचं काम करत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोंडावर हात धरून पोटभर हसून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "माणसं दमतात हो."

"दमतात म्हणून काय भोकं उघडी टाकायची?"

"तसं नाही म्हणत मी. दमतात एवढंच म्हणते."

हे बोलताना काकू दुसरीकडे बघत होत्या. मिस्त्रींनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण बायकोच्या नजरेकडे पाहून काही ओळखावं, असा त्यांचा स्वभाव कधीच नव्हता.

गुरुवारी दुपारी मिस्त्री सहाव्या मजल्यावर होते. समोरच्या भोकावर फळी नीट आहे हे पाहून ते वळले, आणि त्याच क्षणी वरून काहीतरी येऊन त्या फळीवर धाडकन आदळलं. वायरचं जाडजूड भेंडोळं. फळीने ते झेललं, थोडी कुरकुरली आणि जागेवरच राहिली. वरून एक बारीक आवाज आला, "आई गं."

गुडघा वगैरे विसरून मिस्त्री जिना चढले. सातव्या मजल्यावर इलेक्ट्रिशियन जमिनीवर बसला होता. त्याचा एक पाय भोकात मांडीपर्यंत गेला होता आणि दोन्ही हातांनी त्याने कडा घट्ट धरली होती. वायर ओढत तो मागे मागे सरकत आला होता. मागे फळी असणारच, सकाळपासून होती. मिस्त्रींनी त्याला काखेत हात घालून बाहेर ओढलं. नडगी सोलली होती, बाकी काही नाही. पोरगा एकदम हसायला लागला आणि हसता हसता त्याचे दात वाजू लागले.

"बस इथेच. पाणी पी. हलू नकोस," मिस्त्री म्हणाले आणि फळी शोधायला निघाले. आज ज्याने फळी नेली असेल त्याला ते सोडणार नव्हते. मॅडमसमोर उभा करणार होते. साइटवर पाय ठेवू देणार नव्हते.

फळी बाल्कनीत होती. तिच्यावर, शेजारी डबा नीट झाकून ठेवून, डोक्याखाली हात घेऊन, काकू झोपल्या होत्या.

मिस्त्री उभेच राहिले. काकूंना चाहूल लागली तशा त्या चटकन उठल्या आणि नवऱ्याचा पांढराफटक चेहरा बघून म्हणाल्या, "अहो, काय झालं?"

"पोरगा पडला असता."

"कोण?"

"वायरवाला. पाय गेला भोकात. खालची फळी नसती तर..."

काकूंनी तोंडावर हात नेला. "मी दोनच मिनिटं पाठ टेकली हो. कंबर भरून आली होती. आणि मला माहीत होतं ना भोक कुठे आहे ते. मी इथेच काम करतेय. येताना मी बरोब्बर बाजूने आले."

"तुला माहीत होतं," मिस्त्री म्हणाले. "ज्याला माहीत असतं तो पडतच नाही गं. पडतो तो दुसराच." आणि मग सव्वीस वर्षं दाबून ठेवलेलं ते सातव्या मजल्याच्या बाल्कनीत, काही न ठरवता, बाहेर आलं. "मीसुद्धा दोनच मिनिटं टेकली होती."

"तुम्ही? कधी?"

मिस्त्री फळीच्या कडेवर बसले आणि त्यांनी सांगितलं. फळी, खिडकी, जेवण, जिन्यावरून येणारा धाकटा, आणि दवाखान्यातलं ते वाक्यसुद्धा. सांगून झाल्यावर मिस्त्रींना वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. काकू तसलं काही म्हणाल्या नाहीत.

"भावजींना सांगितलंत?"

"नाही."

"सव्वीस वर्षं?" काकूंचा आवाज चढला. "अहो, त्या गोष्टीला मीसुद्धा हसत आलेय! दर वेळी! त्यांच्या तोंडावर हसले मी. मला कशाला त्या पापात घेतलंत?" आणि त्या रडू लागल्या. मिस्त्रींनी फळी उचलली आणि एकट्यानेच फरफटत भोकाकडे नेली.

शुक्रवारी सकाळी कामाआधी सगळ्यांना तळमजल्यावर उभं केलं होतं. ऐंशी माणसं, डोक्यावर हेल्मेटं, हातात चहाचे पेले. मॅडमनी कालची हकिगत सांगितली आणि त्या म्हणाल्या, "फळी कोणी उचलली हे मला कळलेलं नाही. मिस्त्रींनाही माहीत नाही म्हणतात. मी शिक्षा करणार नाही, पण मला कळलं पाहिजे."

मिस्त्री चपलांकडे बघत उभे होते. बायकोचं नाव त्यांनी मॅडमना सांगितलं नव्हतं. मूग गिळण्याची त्यांना सवयच होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी उचलली."

काकू पुढे आल्या. पन्नाशीची बाई, हाताला सिमेंट, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. ऐंशी माणसं बघत होती.

"मी उचलली, झोपायला. चूक माझी. त्या पोराची मी कालच माफी मागितली," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, आता बोलायलाच उभी राहिलेय तर बोलते. आमचे हे रोज फळ्या जागेवर ठेवतात आणि आम्ही रोज उचलतो. उद्या यांनी फळ्या लोखंडाच्या केल्या तरी आम्ही चौघं मिळून उचलू. आम्हाला पाठ टेकायला जागाच नाही. तेवढी द्या. मग एक फळी हलली तर माझी मान कापा."

"काकूंची मान राहू द्या," मागून प्लंबर ओरडला. "मी कबूल करतो, तेरा फळ्या माझ्या!"

असा हशा पिकला की चहाचे पेले हिंदकळले. मग कोणी म्हणालं माझ्या पाच, कोणी म्हणालं माझ्या नऊ, सुपरवायझरनेही मान खाली घालून दोन कबूल केल्या. इलेक्ट्रिशियन लंगडत पुढे आला आणि म्हणाला, "माझी पण एक. बुधवारची." मॅडम हसून हसून डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या मजल्याच्या एका बाजूला पुढे मोठं सभागृह व्हायचं होतं आणि तेवढ्या भागात एकही भोक नव्हतं. ती जागा मॅडमनी दुपारपुरती देऊन टाकली. शुक्रवारभर आणि शनिवारी सकाळी मिस्त्री आणि आणखी तीन सुतार उरलेल्या प्लायचे तुकडे जोडत होते. पट्ट्यांची विद्या होतीच. पन्नास खाटा झाल्या, चार बोटं उंच, आणि काकूंनी आग्रह धरला म्हणून बायकांसाठी एका बाजूला वेगळा आडोसा. प्लंबरच्या खास विनंतीवरून उशाकडची कड थोडी उचललेली. भोकांवरच्या फळ्यांना मॅडमनी बोल्ट बसवायला सांगितले आणि पान्हा प्लंबरच्या हवाली केला. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, असं लोक म्हणाले, पण या चोराने त्या दिवसापासून पान्हा गळ्यात दोरीने बांधला आणि कोणी उघड्या भोकाजवळ दिसलं की तो मिस्त्रींपेक्षा मोठ्याने ओरडू लागला.

शनिवारी दुपारी मिस्त्रींनी बारा मजले फिरून पाहिलं. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस फळ्या जागेवर. खाली दुसऱ्या मजल्यावर माणसं ओळीने झोपली होती, कोणी घोरत होतं, कोणी हळू आवाजात गप्पा मारत होतं. मिस्त्रींना इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हे कळेना. ते नुसतेच एका कोपऱ्यात उभे राहून बघत होते.

काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मी सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या. "ऐंशी माणसांसमोर. मेले का मी?"

"नाही."

"मग उद्या सुट्टी आहे. उद्या जाऊ आपण."

रविवारी मिस्त्रींचा गुडघा सकाळीच दुखू लागला. मग त्यांना आठवलं की घरचा नळ गळतोय. मग म्हणे छत्रीची काडी नीट करायची होती. काकू दारात पायात चपला घालून उभ्या होत्या. शेवटी मिस्त्री उठले.

धाकट्याचं दुकान खाली आणि घर वर, मध्ये दुकानातूनच चढणारा चौदा पायऱ्यांचा जिना. वर धाकटा जमिनीवर बसून एका मशीनचं डोकं मांडीवर उलटं घेऊन तेल घालत होता. "या दादा, या वहिनी!" त्याने तिथूनच हाक मारली. त्याची मुलगी माहेरी आली होती, सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन. बाळ हातपाय झाडत होतं आणि मुलीला जरा हात मोकळे हवे होते.

"बाबा, घेता जरा?"

"मला नको," धाकटा लगेच म्हणाला. "वहिनींकडे दे. नाहीतर इथे माझ्यापुढे खाली ठेव."

मुलीने बाळ काकूंकडे दिलं आणि हसून मिस्त्रींना म्हणाली, "आमचे बाबा असेच. बसल्याशिवाय बाळ घेत नाहीत. मला पण कधी उभ्याने घेतलं नाही म्हणे. भाऊ झाला तेव्हाही नाही. माझ्या हातून पडेल म्हणतात."

"पडेलच," धाकटा तेलाच्या बुधलीला बूच लावत म्हणाला. "ज्याला खड्डा दिसत नाही त्याच्या हातात लेकरू देतात का?"

मिस्त्रींना हे माहीत नव्हतं. पाय माहीत होता, कंबर माहीत होती, हे माहीत नव्हतं. ते उभे होते ते भिंतीला टेकले.

"खड्ड्यावर फळी होती," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी. जिन्याजवळच्या भोकावर फळी होती. मी उचलली. जेवायला नेली खिडकीपाशी, आणि झोपलो तिच्यावर. परत ठेवली नाही." ते एका दमात बोलून गेले. "तुला दवाखान्यात बोललो ते खोटं बोललो. मला माहीत होतं, तरी बोललो."

धाकट्याची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. धाकट्याने मांडीवरचं मशीन काळजीपूर्वक बाजूला ठेवलं.

"सकाळी होती फळी?" त्याने विचारलं.

"होती."

"म्हणजे मी सकाळपासून तिच्यावरून येत-जात होतो."

"चार-पाच वेळा तरी गेला असशील."

"म्हणजे तिथे फळी आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून मी पाय टाकला." तो बिघडलेल्या मशीनचा एकेक भाग तपासावा तसा विचारत होता. "म्हणजे मी बरोबर चाललो होतो?"

"बरोबर चालला होतास रे."

धाकट्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग त्याच्या खांद्यांपासून हसू वर येऊ लागलं. "अगं ऐकलंस का?" तो बायकोला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून वाहत होते. "मी बरोबर चाललो होतो! माझे डोळे चांगले आहेत! अगं, मी वेंधळा नाहीये!"

मिस्त्री त्याच्यापुढे खाली बसले आणि त्याच्या पायाला हात लावू लागले. धाकट्याने तो हात झटकला.

"पायाचं सोड," तो म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. "पाय मोडतो माणसाचा, त्याचं काय. पण मी सव्वीस वर्षं स्वतःच्या हातापायांना घाबरून जगलो, दादा. तू रोज बघत होतास." मिस्त्रींनी मान खाली घातली. "मला रागवायला आठ दिवस लागतील. आठ दिवस तोंड दाखवू नकोस. नवव्या दिवशी जेवायला ये. आणि वहिनींना आणल्याशिवाय येऊ नकोस."

"येतो," मिस्त्री म्हणाले. त्यांना धड रडताही येत नव्हतं आणि हसताही येत नव्हतं.

धाकट्याने कापडाने हात पुसले. बोटं, नखं, पुन्हा तळवे. मग तो भिंतीला धरून उठला आणि काकूंपाशी जाऊन म्हणाला, "वहिनी, द्या इकडे."

काकूंनी बाळ त्याच्या हातात दिलं. तो उभा राहिला, एक पाय थोडा आखडून, नातीला छातीशी धरून. ती त्याच्या शर्टाचं बटण ओढू लागली.

"बाबा, बसा ना," मुलगी घाबरून म्हणाली.

"खाली नेतो हिला. दुकान दाखवतो."

मिस्त्री एव्हाना उठून जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते बाजूला झाले आणि त्यांनी वाट मोकळी केली. एक हात आपसूक पुढे झाला होता, तो त्यांनी मागे घेऊन पाठीशी दुसऱ्या हातात घट्ट धरला.

वर सगळे उभे राहून ऐकत होते. एक पाय ठाम पडे, दुसरा जरा फरफटत त्याच्या मागे येई. चौदा पायऱ्या झाल्या. मग खालून शिलाई मशीनचं चाक फिरल्याचा आवाज आला, आणि बाळ खळखळून हसलं.